चौलच्या बंदरावर उतरलेला बगदादचा इतिहासकार : अल-मसूदी

१९६८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली एक अभ्यासपरिषद दरवर्षी भरते. विषय एकच : अरबस्तानचा इतिहास, पुरातत्त्व आणि संस्कृती. ओमानमधली जुनी बंदरं, येमेनमधले शिलालेख, वाळूखाली सापडलेली खापरं, जहाजांच्या वाटा, यावर जगभरचे अभ्यासक तिथं निबंध वाचतात. कोल्हापुरात बसून आपल्याला वाटतं, याच्याशी आपला काय संबंध? पण टाउन हॉलच्या म्युझियममध्ये एकदा मुलांना घेऊन जा. समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली ही मूर्ती रोमन जगातून आली. लाल समुद्र, अरबस्तानचा किनारा, मग कोकणातलं एखादं बंदर आणि तिथून घाट चढून कोल्हापूर, अशीच तिची वाट असणार. म्हणजे इस्लामच्याही आधीपासून हा रस्ता वाहता होता.

याच रस्त्यानं, सुमारे अकराशे वर्षांपूर्वी, बगदादचे एक विद्वान कोकणात उतरले. त्यांनी इथं काय पाहिलं ते लिहून ठेवलं, नावानिशी आणि सालानिशी. त्यांचं नाव अबुल हसन अली इब्न हुसैन अल-मसूदी. इब्न खल्दूनसारख्या कठोर टीकाकारानंही त्यांना इतिहासकारांचा इमाम मानलं. युरोपवाले त्यांना अरबांचा हेरोडोटस म्हणतात. आपल्या घरांत मात्र हे नाव फारसं घेतलं जात नाही. वर्गात मुलं कधीतरी विचारतात, सर, आपण मूळचे कुठले? तेव्हा मला मसूदींचीच आठवण होते.

त्यांचा जन्म बगदादचा, नवव्या शतकाच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतला. घराणं प्यारे नबी (स.) यांचे सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या वंशातलं. मसूदी हे नाव त्यावरूनच आलं. बगदाद तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. अनुवादाची चळवळ होऊन गेलेली, ग्रीक, फारसी, हिंदी ग्रंथ अरबीत आलेले. हिंदचे अंक, हिंदची वैद्यकी, पंचतंत्रावरून झालेलं कलीला व दिम्ना हे सगळं तिथल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक होतं. राजकीय बाजू मात्र खिळखिळी झाली होती. खलिफा नावापुरते, हुकूम सरदारांचा. कित्येक विद्वान अशा काळात दरबाराला चिकटून बसतात. मसूदींनी सामान बांधलं.

प्रवासाला निघाले तेव्हा ते विशीत असावेत. हिजरी ३०३ मध्ये, म्हणजे इसवी ९१५-१६ च्या सुमारास, ते इराणात इस्तख्रला होते. तिथं एका खानदानी घरात त्यांनी एक मोठा ग्रंथ पाहिला. त्यात इराणच्या सासानी बादशहांची चित्रं होती, २५ पुरुष आणि २ स्त्रिया. कोणाचा मुकुट कसा, कपड्याचा रंग कोणता, हे त्यांनी टिपून घेतलं. इस्लामपूर्व अग्निपूजक राजांचा इतिहास कशाला पाहायचा, असा प्रश्न त्यांना पडला नाही. त्याच वर्षी बसऱ्यात त्यांची गाठ अबू झैद सिराफी यांच्याशी पडली. हे अबू झैद स्वतः चीनला गेले नव्हते, पण चीन आणि हिंदला जाऊन आलेल्या खलाशांच्या हकिकती त्यांनी गोळा केल्या होत्या. मसूदींनी त्यांच्याकडून खूप काही घेतलं. ऐकलेली गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत फरक असतो, ही जाण मात्र त्यांना चांगली होती.

जाहिझ हे अरबीतले थोर लेखक, मसूदींच्या आधीच्या पिढीतले. त्यांनी लिहून ठेवलं होतं की सिंधू नदीचं पाणी नाईल नदीतून येतं. पुरावा काय, तर दोन्हीकडे मगरी आहेत! मसूदींनी हे खोडून काढलं. जाहिझ ना समुद्रावर गेले, ना त्यांनी देश पाहिले, रात्रीच्या अंधारात सरपण गोळा करणाऱ्यासारखं त्यांनी हाताला लागेल ते उचललं, अशा अर्थाची टीका त्यांनी केली. एवढ्या मोठ्या माणसाला असं सुनावणं सोपं नव्हतं. पण मसूदी स्वतः मुलतान आणि मन्सुरापर्यंत जाऊन आले होते, सिंधूचा प्रदेश त्यांनी पायाखाली घातला होता.

हिजरी ३०३ मध्येच ते गुजरातेत खंबायतला पोहोचले. तिथल्या चपला बगदादपर्यंत प्रसिद्ध होत्या, त्याची त्यांनी नोंद केली. तिथल्या खाडीच्या भरतीचंही वर्णन त्यांनी केलं आहे. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि भरती अशी धावत येते की वाळूवरचं कुत्रंसुद्धा पळून वाचत नाही. पण मला आवडते ती तिथल्या अधिकाऱ्याची हकिकत. मसूदी त्याचं नाव बानिया असं देतात. तो मानकीरच्या बल्हरा राजाच्या वतीनं कारभार पाहत होता. गावात कोणी मुसलमान किंवा दुसऱ्या धर्माचा विद्वान आला की त्याला बोलावून चर्चा करायची, वाद घालायचा, हा त्याचा शौक.

मानकीर म्हणजे मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. कोल्हापूरहून फार लांब नाही. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजांची पदवी. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या घराण्यानं कोरलं, तेच हे राजे. मुलं त्यांच्याविषयी शाळेत शिकतात. आपला कोल्हापूरचा मुलूखही तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. मसूदी आले त्या सुमारास गादीवर इंद्र तिसरा होता. अरब लेखकांच्या दृष्टीनं हिंदचा सर्वांत मोठा राजा बल्हराच. मसूदी लिहितात की सिंध-हिंदच्या राजांत मुसलमानांची सर्वांत जास्त इज्जत करणारा हाच. त्याच्या मुलखात इस्लामला संरक्षण होतं, पाच वेळच्या नमाजासाठी मशिदी आणि जुम्म्यासाठी जामा मशिदी होत्या. तिथल्या लोकांची तर अशी समजूत होती की मुसलमानांना मानानं वागवल्यामुळंच या राजांना दीर्घायुष्य आणि लांबलचक राज्यं मिळतात. ही समजूत खरी की खोटी हा भाग वेगळा. ती मसूदींच्या कानावर पडली, एवढं तरी नक्की.

मानकीरची भाषा कीरिया आणि किनाऱ्यावरची लारिया, अशीही त्यांची नोंद आहे. किनाऱ्यावरची तीन गावं ते नावानं सांगतात : सैमूर, सुबारा आणि ताना. सुबारा म्हणजे सोपारा, ताना म्हणजे ठाणे. सैमूर म्हणजे चौल, अलिबाग तालुक्यात रेवदंड्याच्या शेजारचं.

हिजरी ३०४ मध्ये मसूदी या चौलला होते. इथं त्यांनी जे पाहिलं ते आपल्या दृष्टीनं त्यांच्या सगळ्या लिखाणातलं सोनं आहे. त्यांच्या अंदाजानं चौलमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद आणि इतर शहरांतून आलेले, इथंच लग्नं करून कायमचे स्थायिक झालेले. आणि दुसरा गट बयासिरा. म्हणजे मुसलमान आईबापांपोटी हिंदच्या मातीत जन्मलेले. याचा अर्थ लक्षात घ्या. त्यांच्यासाठी वेगळं नाव पडण्याइतकी त्यांची संख्या आणि पिढ्या ९१६ च्या सुमारासच झाल्या होत्या. अलाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीला आली ती १२९६ मध्ये, म्हणजे त्यानंतर पावणेचारशेहून अधिक वर्षांनी. दख्खनमध्ये इस्लाम तलवारीबरोबर आला असं जे सरसकट बोललं जातं, ते बोलणाऱ्यांनी चौलचं हे साल एकदा पाहावं.

१०,००० हा आकडा मी जसाच्या तसा धरत नाही. दारोदार जाऊन कोणी शिरगणती केलेली नाही, गोल आकडा आहे. शिवाय पुस्तक लिहिलं ते भेटीनंतर जवळपास तीस वर्षांनी. पण वस्ती मोठी होती हे मान्य करायला हरकत नाही, कारण मसूदी नुसता आकडा देऊन थांबत नाहीत. तिथल्या बड्या व्यापाऱ्यांत मूसा इब्न इसहाक होते, हे सांगतात. आणि त्यावेळचे हुनरमन अबू सईद मारूफ इब्न झकरिया होते, हेही सांगतात.

हा हुनरमन काय प्रकार? शब्द फारसी वळणाचा, हुनर आपल्याला माहीतच आहे. चौलच्या मुसलमानांपैकी एका प्रतिष्ठित माणसाला राजा त्यांचा प्रमुख नेमायचा आणि मुसलमानांचे आपसातले मामले त्याच्याकडे सोपवायचा. काझी म्हणा, पाटील म्हणा, दोन्हींचं मिश्रण. नेमणूक हिंदू राजाची, माणूस मुसलमान. हे एकट्या मसूदींचंच म्हणणं असतं तर शंका घेता आली असती. पण बुझुर्ग इब्न शहरयार यांच्या अजायब-अल-हिंद या पुस्तकात चौलच्या आणखी एका हुनरमनचं नाव येतं, सिराफचे अब्बास इब्न माहान. आणि त्याच शतकातले प्रवासी इब्न हौकल सांगतात की बल्हराच्या मुलखात मुसलमानांवर त्याच्या वतीनं मुसलमानच अधिकारी असतो.

आता या नेमणुका करणाऱ्या राजाबद्दल. मसूदी त्याचं नाव जंज असं लिहितात. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ, राष्ट्रकूटांचा मांडलिक. (कोल्हापूर-पन्हाळ्याचे शिलाहार वेगळ्या शाखेचे आणि नंतरचे.) झंझाचं साल पक्कं करायला इतिहासकारांना मसूदींचाच आधार घ्यावा लागतो. एका बगदादी मुसलमानाच्या नोंदीवरून कोकणच्या एका शिवभक्त राजाचा काळ ठरतो! शिवभक्त मी उगीच म्हणत नाही. शिलाहारांच्या पुढच्या ताम्रपटांत उल्लेख आहे की झंझानं स्वतःच्या नावानं शंकराची बारा देवळं बांधली. बारा देवळं बांधणारा तोच राजा, आणि अबू सईद मारूफ त्याच्याच राज्यात हुनरमन. आज हे वाचताना आपण थबकतो. त्या काळच्या चौलकराला त्यात नवल वाटलं नसावं, बंदर चालवायचं तर असंच चालतं.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो माझ्या विशेष आवडीचा. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट काळातला एक ताम्रपट सापडला, इसवी ९२६ चा, म्हणजे मसूदींच्या भेटीनंतर दहाच वर्षांचा. भाषा संस्कृत. त्यात सांगितलं आहे की राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा यानं संजाणचा कारभार ताजिक, म्हणजे अरब, माणसाकडे सोपवला होता. त्याचं नाव मधुमती सुगतिप. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. या मुहम्मदनं संजाणमध्ये दोन ओढ्यांवर मोफत नावा चालवल्या, आणि अन्नछत्र घातलं, जिथं तांदूळ, कालवण आणि तूप फुकट मिळायचं. त्याच्याच कारकिर्दीत देवीच्या एका मठाला जमीन दान झाली. अरबी पुस्तक आणि संस्कृत ताम्रपट, एकमेकांची खबर नसलेले दोन साक्षीदार, आणि जबानी मात्र जुळते.

मसूदींनी इथं सगळं गोडगोडच पाहिलं असं नाही. चौलमध्येच एका तरुणानं ठरवून स्वतःला आगीत झोकून दिलं, तो प्रसंग त्यांनी समोर उभं राहून पाहिला. अंगावर काटा येईल असं वर्णन आहे. पण त्यात शिवीगाळ नाही, तुच्छता नाही. काय घडलं, कोणत्या क्रमानं घडलं, राजाची परवानगी कशी लागते, हे ते सांगतात. अकीदा पक्का असलेल्या माणसाला दुसऱ्याचं जग असं शांतपणे पाहता येतं. विड्याच्या पानाचंही त्यांनी मन लावून वर्णन केलंय. पान, सुपारी, चुना, दात आणि हिरड्या लाल होतात ते. आणि ही सवय आता मक्का, हिजाज, येमेनपर्यंत पोहोचली आहे, हेही. जेवणानंतर पान खाणाऱ्या आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिनं डबा उघडून आणखी एक लावलं असतं.

चौलनंतर मसूदी ओमानच्या जहाजांवरून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेले. तिथल्या कनबलू बेटावर मुसलमान वस्ती होती, तिची भाषा मात्र स्थानिक झंज लोकांची. हिजरी ३०४ मध्येच ते तिथून ओमानला परतले. चीनचा समुद्र, रूमचा समुद्र, खझरचा, कुल्झुमचा, येमेनचा, अशा समुद्रांची नावं घेऊन ते सांगतात की झंजच्या समुद्राइतका भयंकर दुसरा नाही. डोंगरासारख्या लाटा, आणि एवढाले मासे की ते जवळ येऊ नयेत म्हणून खलाशी रात्री लाकडं आपटून, ढोल बडवून आवाज करायचे. ज्या सिराफी भावांच्या जहाजातून ते परतले, ते पुढे त्याच समुद्रात जहाजासकट बुडाले. त्यांची नावं मसूदींनी लिहून ठेवली आहेत. हवामान खातं नाही, होकायंत्र नाही, आणि ही माणसं पावसाळी वाऱ्याचा हिशेब मांडून दोन खंडांमधला समुद्र ओलांडत होती. कोकणात अजून मान्सूनच म्हणतात, तो शब्द अरबी मौसमवरूनच फिरून आला.

ज्या सिराफचं नाव इथं वारंवार येतंय, ते इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर. १९६६ ते १९७३ या काळात तिथं ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड व्हाइटहाउस यांनी उत्खनन केलं. मोठी जामा मशीद, बाजार, व्यापाऱ्यांची घरं, चिनी भांड्यांचे तुकडे सापडले. सिराफची घरं सागवानाची असत असं इस्तख्री या जुन्या भूगोलकारानं लिहिलंय. सागाला अरबीत साज म्हणतात, आणि या किनाऱ्याला साग पुरवण्यात हिंदचा हात मोठा. आमच्याकडचं लाकूड त्यांच्या छताला, त्यांची माणसं आमच्या बंदराला. सुरुवातीला सांगितलेल्या परिषदेत वाचले जाणारे कितीतरी निबंध याच देवाणघेवाणीभोवती फिरत असतात. फरक एवढाच की आता अभ्यासक खापरं मोजतात, मसूदींनी माणसं पाहिली.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो, कारण प्रवास काही थांबला नाही. कास्पियन समुद्राचा मुलूख, आर्मेनिया, शाम. कास्पियन हा बंदिस्त समुद्र आहे, दुसऱ्या समुद्राला जोडलेला नाही, हे त्यांनी तिकडच्या व्यापाऱ्यांना विचारून विचारून पक्कं केलं. पॅलेस्टाइनमध्ये तबरियाला त्यांनी यहुदी विद्वानांशी वाद-चर्चा केल्या. ख्रिस्ती चर्चमध्ये जाऊन तिथले अवशेष पाहिले. बहुधा इसवी ९४० च्या पुढं-मागं ते इजिप्तकडे वळले आणि उरलेलं आयुष्य तिथं आणि शाममध्ये गेलं.

हिजरी ३३६ मध्ये, इसवी ९४७ च्या सुमारास, फुस्तातमध्ये, म्हणजे जुन्या कैरोत, त्यांच्या हाती एक पुस्तक आलं. लिहिणारा स्पेनच्या बाजूचा एक ख्रिस्ती बिशप, आणि विषय फ्रँक राजांची वंशावळ. मसूदींनी ती यादी आपल्या ग्रंथात घातली. बगदादचा माणूस, इजिप्तमध्ये बसून, ख्रिस्ती बिशपच्या पुस्तकावरून फ्रान्सच्या राजांचा इतिहास लिहितोय, आणि त्याच ग्रंथात चौलच्या झंझाचंही नाव आहे. अभ्यास म्हणजे काय हे मुलांना समजावताना मी हेच उदाहरण देतो.

तो ग्रंथ म्हणजे मुरूज-अल-जहब. पूर्ण नावाचा अर्थ सोन्याची कुरणं आणि रत्नांच्या खाणी. हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात, मग हिंद, चीन, इराण, रूम, अरबांचा जाहिलियाचा काळ, प्यारे नबींचं (स.) चरित्र आणि पुढं त्यांच्या काळापर्यंतचे खलिफा. मध्येच भूगोल, मध्येच खाणंपिणं, मध्येच एखादी दंतकथा. हो, दंतकथाही आहेत. समुद्रातल्या चमत्कारांच्या काही गोष्टी त्यांनीही तपासून न घेता लिहिल्या आहेत. जाहिझना जे सुनावलं ते कधीकधी त्यांनाही लागू पडतं. त्यांच्या मसलकाबद्दलही वाद चालतात, कोणी त्यांना इकडचे म्हणतं, कोणी तिकडचे. त्या वादात मला रस नाही. मला खटकतं ते वेगळंच : चौलमध्ये इथल्या बायकांशी लग्नं झाली असं ते सांगतात, पण त्या बायकांपैकी एकीचंही नाव देत नाहीत. व्यापारी सापडतात, हुनरमन सापडतो. बयासिरांच्या आया मात्र कुठंच सापडत नाहीत, आणि मुलांशी इथली बोली बोलणाऱ्या त्याच असणार.

बयासिरा हा शब्द मात्र टिकला. ओमानमध्ये या नावाचा समाज अजून आहे, आणि तिथल्या जमातींच्या उतरंडीत त्यांना वरची जागा मिळाली नाही. आपल्याकडे आपण अरबी वंशाचे म्हणून मिरवणारी घराणी आहेत, आणि तिकडे त्याच मिश्र वारशाचं नाव कमीपणाचं झालं. वंशाच्या गोष्टी अशाच असतात.

१८४१ मध्ये मुरूजचा पहिला भाग इंग्रजीत आणणारे आलोइस स्प्रेंगर नंतर दिल्ली कॉलेजचे प्राचार्य झाले. १८६१ ते १८७७ या काळात पॅरिसहून नऊ खंडांत मूळ अरबी आणि फ्रेंच भाषांतर छापलं गेलं. मराठीतले शिलाहारांचे अभ्यासक याच मार्गानं मसूदींपर्यंत पोहोचले.

शेवटच्या वर्षी, हिजरी ३४५ मध्ये, त्यांनी आणखी एक पुस्तक पुरं केलं, अत-तंबीह वल-इशराफ. आयुष्यभर जे लिहिलं त्याचा आढावा आणि दुरुस्त्या त्यात आहेत. साठीच्या आसपासचा माणूस, तब्येत उतरलेली, घर बगदादपासून शेकडो कोस लांब, आणि तरी जुनी चूक सुधारण्याची धडपड चालूच. बगदादच्या विरहाबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. त्याच साली, इसवी ९५६ च्या शरदात, फुस्तातमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

मुरूज वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हिंदच्या राजांबद्दल, त्यांच्या चालीरीतींबद्दल थोडं सांगून मसूदी थांबतात, आणि वाचकाला आपल्या मोठ्या ग्रंथाकडे, अखबार-अज-जमानकडे पाठवतात. तपशील तिथं दिलाय, म्हणून. तो ग्रंथ तीस खंडांचा होता. त्यातच कदाचित चौलच्या मोहल्ल्यांची, मशिदीची, अबू सईद मारूफ यांच्या कचेरीची आणखी हकिकत असेल. ते तीसही खंड काळाच्या ओघात हरवले. आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुरूजमधल्या चौलबद्दलच्या मोजक्या ओळी.